त्रेसष्टाव्या प्रश्नाला ‘हो’

दर सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर एक हिरवंगार वर्तुळ उमटतं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघून समाधान पावतो. ते वर्तुळ म्हणजे आमचे दोनशे तेरा पुरवठादार. आम्ही गणवेश विकतो. हॉस्पिटलांचे, हॉटेलांचे, शाळांचे. एकदा एका जादूगाराने अठरा खिशांचा कोट मागवला होता, पण कोट तयार होईपर्यंत तो गायब झाला. कोट अजून माझ्या खुर्चीवर टांगलेला आहे. शिवायचं काम आम्ही करत नाही, आमच्यातल्या निम्म्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. शिवतात ते दोनशे तेरा कारखाने, आणि ते आपल्या माणसांना माणसासारखं वागवतात की नाही हे बघणं माझ्याकडे आहे.

बघणं म्हणजे काय, तर वर्षातून एकदा मी त्यांना एक फॉर्म पाठवतो. एकशे चौदा प्रश्न. जिना किती रुंद आहे, संडासाला आतून कडी आहे का, प्यायचं पाणी कुठून येतं. आणि मग त्रेसष्टावा: ‘आपल्याकडे कोणी व्यक्ती गुलामीसारख्या स्थितीत काम करते का?’ पुढे तीन चौकोन. हो, नाही, लागू नाही. गेल्या वर्षी एकशे नव्वद कारखान्यांनी ‘लागू नाही’वर खूण केली होती. जणू प्रश्न पाणबुडीबद्दल होता. उरलेल्यांनी ‘नाही’ म्हटलं. सगळं हिरवं.

त्या सोमवारी वर्तुळात एक जांभळी फोड होती. अगदी बारीक, पण जांभळी.

“हे काय आहे?” मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे माझ्या बॉस. त्या स्वभावाने चांगल्या आहेत, फक्त त्यांना वरच्या मजल्यावर जावं लागतं, आणि वरच्या मजल्यावर हिरवं न्यावं लागतं.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने बराच वेळ खाटखूट करून सांगितलं, की त्रेसष्टाव्या प्रश्नाला कोणी ‘हो’ म्हटलं तर कुठला रंग दाखवायचा हे कधी कोणी ठरवलंच नव्हतं. त्यामुळे मशीनने आपल्या मनाने एक घेतला. शिवाय ‘हो’ म्हणणाऱ्याला आपोआप पत्रही गेलं होतं: ‘अभिनंदन! आपला फॉर्म यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे.’

“चुकून खूण झाली असणार,” मॅडम म्हणाल्या. “असल्या प्रश्नाला हो कोण म्हणेल? तू जा, दुरुस्त करून आण. पाचला मला वर जायचंय.”

“आणि चुकून नसली तर?”

“तर त्या कारखान्याचं काम बंद. आजच्या आज. जांभळं घेऊन मी वर जाणार नाही.”

“मग तिथल्या माणसांचं काय?”

“कुठल्या माणसांचं?”

“ज्यांच्याबद्दल ‘हो’ म्हटलंय त्यांचं. त्यांचं कामही जाईल.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चहा निवत चालला होता. “तू आधी जा तर खरा,” त्या म्हणाल्या.

बसने दीड तास. वाटेत आईचा फोन आला. माझी सगळी कागदपत्रं आईकडे असतात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. मी सव्वीस वर्षांचा आहे.

“तुझा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय,” आई म्हणाली. “आज डबा आवरत होते.”

“माझ्याकडे देऊन टाक ना. मी सांभाळतो.”

“तू? छत्र्या किती हरवल्यास?”

“चार.”

“सात. ठेव फोन, बसमध्ये झोपू नकोस, मागच्या वेळेस डेपोत गेलास.”

कारखाना तीन मजली होता. खाली कापड कापायचं, मधल्या मजल्यावर शिवायचं, वरच्या मजल्यावर झोपायचं. फाटकावर वॉचमन होता. त्याने माझं ऑफिसचं कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं, थोडं वाकवून पाहिलं आणि म्हणाला, “जातानाही दाखवावं लागेल.”

“जाताना कशाला? आत आलो तेव्हा तुम्हीच पाहिलंत.”

“आत येणारा आणि बाहेर जाणारा एकच कशावरून?” तो म्हणाला. मी कार्ड खिशात घातलं.

मालक दारातच उभे होते. पन्नाशीचे, शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यावर ओशाळं हसू. “साहेब, शंभरदा माफी. आमच्या कारकून काकांना चष्मा बदला म्हणून मी दोन वर्षं सांगतोय. हा बघा, नवा फॉर्म तयार आहे. त्रेसष्टला ‘नाही’. फक्त शिक्का राहिलाय.”

“मग मारा ना.”

मालकांचं हसू जरा मावळलं. “शिक्का काकांकडे असतो. आणि काका न वाचता शिक्का मारत नाहीत.”

म्हणजे घोडं तिथे अडलं होतं.

काकांना कारखान्यात सगळे शिक्केकाका म्हणत. जिन्याखाली त्यांची खोली होती. एक टेबल, एक पंखा, एक लोखंडी कपाट आणि शाईचे पॅड. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं जांभळी होती आणि ती धुऊन जातील अशी आशा त्यांनी फार पूर्वीच सोडून दिलेली दिसत होती. त्यांच्यासमोर आमचा फॉर्म होता. वीस पानांचा. त्यात एकोणिसाव्या पानावर खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं होतं.

“बसा,” ते म्हणाले. “हे एकोणिसावं पान कोणी लिहिलंय?”

मी घाबरलो. कारण ते मी लिहिलं होतं. या वर्षीचा फॉर्म पाठवायच्या आधी, एका शुक्रवारी दुपारी. मॅडम म्हणाल्या होत्या, मागे शब्दांचे अर्थ जोड. वकीलसाहेब रजेवर होते, म्हणून मी आपल्या साध्या भाषेत लिहून टाकलं आणि कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मशीनमध्ये होतं तेवढं बारीक अक्षर वापरलं. तिथवर कोणी पोचेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी स्वतः परत तिकडे फिरकलो नव्हतो.

“मीच लिहिलंय,” मी म्हटलं.

“छान लिहिलंय.” काकांनी भिंग उचललं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. “‘ज्या माणसाची ओळखीची कागदपत्रं दुसऱ्याने ठेवून घेतली आहेत आणि मागितली तरी मिळत नाहीत, ज्याला काम सोडून जावंसं वाटलं तरी जाता येत नाही, तो कितीही हसतमुख असला तरी उत्तर हो असं समजावं.’ हे ‘कितीही हसतमुख असला तरी’ मी तीनदा वाचलं. मग उठलो आणि कपाट उघडलं.”

त्यांनी ते माझ्यासमोर पुन्हा उघडलं. चावी त्यांच्या शर्टाच्या बटणाला दोरीने बांधलेली होती, त्यामुळे कुलूप उघडताना त्यांना कपाटाला जवळजवळ मिठी मारावी लागली.

आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि एक्केचाळीस पासपोर्ट होते. प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. नावांच्या क्रमाने, पाठ बाहेर करून, पुस्तकांसारखे. शिवणारी सगळी माणसं सीमेपलीकडून आलेली होती, आणि आल्या दिवशीच प्रत्येकाचा पासपोर्ट या कपाटात गेला होता.

“सतरा वर्षं हे करतोय,” काका म्हणाले. “दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळे बाहेर काढतो, पंख्याखाली अर्धा तास वारा देतो. एकाला वाळवी नाही. एकाचा कोपरा दुमडलेला नाही. मागे पाइप फुटला आणि खोलीत गुडघाभर पाणी झालं, तेव्हा मी ही थप्पी डोक्यावर घेऊन टेबलावर उभा होतो. मालकांनी सत्कार केला माझा.” त्यांनी एका पिशवीची घडी सरळ केली. “मला वाटायचं, मी जपतोय.”

 विनोद सुचला नाही असं नाही, पण तो मी खिशात ठेवला.

“कोणी मागितला होता का कधी?” मी विचारलं.

काकांनी ड्रॉवरमधून तीन अर्ज काढले. तिन्हींचं अक्षर एकच होतं, सुंदर, वळणदार. “काजवाली आहे एक. बटणांची काजं करते. तिची मुलगी गावी बाळंत व्हायची आहे, पहिलीच वेळ. जावई बोटीवर कामाला, घरात दुसरं कोणी नाही. मुलगी रोज फोनवर म्हणते, आई, तू ये. हिला जायचंय. हिला अर्ज लिहिता येत नाही, म्हणून तिन्ही मी लिहून दिले.”

“मग दिले कोणाला?”

“मलाच. अर्ज घेणं माझ्याकडे असतं. मी घेतले, ‘मिळाला’ म्हणून शिक्का मारला आणि फायलीला लावले. मालक म्हणाले, सीझन संपल्यावर बघू, तोवर पासपोर्ट आत राहू दे, सुरक्षित असतो.” त्यांनी अर्ज टेबलावर सरळ केले. “म्हणजे बघा, तिची विनंती मीच लिहिली, मीच स्वीकारली आणि मीच कपाटात बंद केली. एवढं काम एका माणसाने करू नये.”

मालक आमच्यामागे येऊन उभे राहिले होते. “काका, साहेबांचा वेळ जातोय. आणि तुमचे अकरा महिने राहिलेत निवृत्तीला. कशाला नसती उठाठेव?”

“उठाठेव नाही केली,” काका म्हणाले. “प्रश्न आला, उत्तर दिलं.”

“अहो, पण आम्ही काय तुरुंग चालवतो का?” मालक माझ्याकडे वळले. खरोखर दुखावले होते बिचारे. “फाटक उघडं असतं, साहेब. ज्याला जायचं त्याने खुशाल जावं.”

“पासपोर्टशिवाय?”

“पासपोर्ट आत असतो.”

“म्हणजे माणूस जाऊ शकतो, पासपोर्ट जाऊ शकत नाही.”

“आता तुम्ही शब्दात पकडायला लागलात! हे लोक हरवतात हो. कुठे ठेवणार? उशीखाली? मी त्यांच्या भल्यासाठीच म्हणतो.”

हे मी त्याच दिवशी, त्याच सुरात, बसमध्ये ऐकलं होतं. मला क्षणभर वाटलं की आईने कारखाना काढला असता तर तीही जांभळी निघाली असती. मग मला आठवलं, की मी मागितलं की आई देते. आधी सात छत्र्यांचा उद्धार होतो, पण देते.

“मला त्या काजवाल्या मावशींना भेटायचंय,” मी म्हटलं. “एकट्यांना.”

मधल्या मजल्यावर मशीनचा असा गलका होता की एकट्याने भेटायला त्या गर्दीइतकी चांगली जागा नव्हती, शेजारच्यालाही काही ऐकू जात नव्हतं. मावशी खिडकीजवळ बसल्या होत्या. मशीनखाली पांढरे डॉक्टरी कोट सरकत होते आणि खाट, खाट, दर कोटाला सहा काजं पडत होती. चाळिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने शिवलेली.

“मी फॉर्मवाला,” मी म्हटलं.

“मी खूश आहे,” त्या ताबडतोब म्हणाल्या. “जेवण चांगलं आहे. पाणी चांगलं आहे. जिना रुंद आहे.”

“मावशी, मी अजून काही विचारलं नाही.”

“विचारणारे येतात तेव्हा हेच सांगायचं असतं.” त्यांनी कोट फिरवला. “चुकलं का काही? कडी राहिली वाटतं. संडासाला कडी आहे.”

“मुलगी कशी आहे?”

मशीन थांबलं. इतका वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या ते कसं बघणं होतं हे मला आत्ता कळलं, कारण आता त्या खरंच बघायला लागल्या.

“डॉक्टरीण म्हणते आठवडाभर,” त्या म्हणाल्या. “फार तर दहा दिवस. आम्हाला तीन बसा आणि एक रेल्वे लागते, दोन दिवस जातात. आज निघाले तर पोचते. सीझन संपल्यावर गेले तर ते पोर मला बघून परक्यासारखं रडेल.” मग घाईघाईने, “पण मी खूश आहे हं. काकांना सांगू नका मी असं बोलले. त्यांना वाईट वाटतं. तिसऱ्या अर्जातलं अक्षर बघा, ‘र’ हललाय.”

मी खाली आलो. एक वाजला होता. माझ्या बॅगेत मॅडमनी दिलेला पेच जसाच्या तसा होता. ‘नाही’ घेऊन गेलो तर खोटं. ‘हो’ घेऊन गेलो तर काम बंद, एक्केचाळीस जणांना बाहेर काढतील, आणि मी म्हणणार की बघा, मी त्यांना वाचवलं.

“काका, या नव्या फॉर्मवर शिक्का मारायला तुम्हाला काय लागेल?” मी विचारलं.

काकांनी नवा फॉर्म शांतपणे पाहिला. “ते खरं असायला लागेल,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे सकाळचं उत्तर खोडायचं नाही. ते बरोबर होतं. पण दुपारी जर परिस्थिती बदलली, तर दुपारचं उत्तर वेगळं येऊ शकतं. तारखेखाली वेळ घालायची. मी प्रत्येक शिक्क्याखाली वेळ घालतोच.”

इतकं सोपं होतं. आमच्या ऑफिसात बारा माणसं आहेत, पैकी तीन परदेशी शिकून आली आहेत, आणि उत्तर बदलायचं असेल तर आधी गोष्ट बदलावी हे कोणाला सुचलं नव्हतं.

मी मालकांना म्हटलं, “दोन्ही फॉर्म मी नेणार. सकाळचा ‘हो’चा आणि दुपारचा ‘नाही’चा. मधे काय झालं तेही लिहिणार. काम चालू ठेवा असं मी भांडून सांगेन. सहा आठवड्यांनी न कळवता परत येईन. पण नुसता ‘नाही’ मी नेणार नाही, आणि काका शिक्का मारणार नाहीत.”

“आणि पासपोर्ट दिल्यावर सगळे पळून गेले तर?”

“मालक,” काका म्हणाले, “पळून जातील असं वाटतं म्हणजे त्रेसष्टाचं उत्तर आपल्याला माहीतच होतं.”

मालक दोन पावलं कपाटाकडे गेले. मग खुर्चीत बसले. “द्या वाटून,” ते म्हणाले. “पण हरवले तर माझ्याकडे रडत यायचं नाही.”

काकांनी कपाटातले पासपोर्ट काढले तसे ते नेहमीच्या सवयीने पंख्याखाली मांडायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की आता वारा द्यायची गरज नाही. ते थप्पी उचलून जिना चढायला लागले.

मधल्या मजल्यावर मशीनं बंद झाली. मी त्या मजल्यावर पहिल्यांदाच पंख्यांचा आवाज ऐकला. काका एकेक नाव घेत होते आणि माणसं एकेक करून येत होती.  पासपोर्ट हातात घ्यायचे, उघडायचे नाहीत, नुसते धरून उभे राहायचे. मग इस्त्रीवाल्याने आपला उघडला आणि म्हणाला, “हा कोण?”

शेजारणीने डोकावलं. “तूच की.”

“मी? एवढे केस?”

आणि मग जे सुरू झालं ते आवरेना. नऊ-नऊ, दहा-दहा वर्षांपूर्वीचे फोटो. कोणाला मिशा होत्या, कोणाचे गाल वर होते. कापड कापणारा मास्तर आपल्याच फोटोला म्हणाला, “पोरा, जाऊ नकोस, ऐक माझं,” आणि सगळे खदाखदा हसले, आणि मग एकदम गप्प झाले, आणि मग पुन्हा हसले. मावशींनी आपला फोटो मला दाखवला. त्यातल्या बाईला कोणीतरी बिलगलेलं असावं असं तिचा खांदा सांगत होता. “फोटो काढताना पोरगी सोडेना,” मावशी म्हणाल्या. “फोटोवाल्याने तिला खाली कापली. हे बघा, कोपऱ्यात बोट आलंय.”

खरंच, कोपऱ्यात एक बोट होतं. त्या बोटाला आता मूल होणार होतं.

“झालं?” मालक दारातून म्हणाले. “आता ठेवणार कुठे ते सांगा. उशीखाली? मशीनखाली? उद्या सकाळी शोधाशोध सुरू!”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मालकांचा मुद्दा खरा होता. झोपायच्या खोल्यांत कुलपाची पेटी एकाकडेही नव्हती. 

मावशी चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “खिशात.”

“कुठल्या खिशात? तुमच्या कपड्यांना खिसे आहेत कुठे?”

मावशींनी मजल्यावर नजर फिरवली. तीस शिलाई मशीन. कडा गुंफायची, ओव्हरलॉकची चार. दोन काजांची. कोपऱ्यात कापडाच्या कतरणांचं माणसाएवढं पोतं. मालकांनी त्यांच्या नजरेमागे नजर फिरवली आणि माझ्या देखत त्यांचे कान लाल झाले.

“मालक,” मावशी अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “आम्ही वर्षाला दोन लाख खिसे लावतो.”

पुढची चाळीस मिनिटं मी जे पाहिलं ते कोणत्याही फॉर्मात बसणार नाही. मास्तरने कतरणं पसरून एका फटक्यात एक्केचाळीस तुकडे कापले, पासपोर्टचं माप घेऊन, बोटभर जास्त. तुकडे मशीनवर गेले. कोणी परकरात आतून खिसा लावला, कोणी बंडीत, इस्त्रीवाल्याने शर्टात दोन लावले, एक रिकामा, “समतोल राहावा म्हणून.” मावशी प्रत्येक खिशाला काज पाडून देत होत्या, आणि त्यांच्यापुढे रांग लागली होती. पांढरे खिसे, निळे खिसे, शाळेच्या गणवेशाचे चौकडीचे खिसे. मालक काही वेळ हाताची घडी घालून बघत होते. मग न राहवून पुढे झाले आणि एकाला म्हणाले, “अरे, दुहेरी टाका घाल, एकेरी उसवेल.” मग आपण काय बोललो ते कळून परत मागे गेले.

शेवटी मावशींनी काकांना हाक मारली. “काका, शर्ट आणा इकडे. तुमच्या चावीला पण करते.”

“चावी मालकांना देऊन टाकलीय,” काका म्हणाले. “आता रिकाम्या कपाटाला चावी कशाला?”

“मग जेवणाचा डबा ठेवा त्यात. मुंग्या तरी लागणार नाहीत.”

अडीच वाजता काकांनी नवा फॉर्म वाचायला घेतला. वीस पानं, भिंग लावून. मालक जिन्यावर येरझाऱ्या घालत होते. त्रेसष्टाशी काका थांबले. “काजवालीला विचारा,” ते म्हणाले. “ती जाऊ शकते का?”

मालकांनी कपाळाला हात लावला. “जा बाई. जा. पण तीन आठवड्यांत ये, काजांना माझ्याकडे दुसरं कोणी नाही.”

“येईन,” मावशी म्हणाल्या.

“आणि नाही आलीस तर?”

मावशींनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “तर नाही आली.” आणि शिक्का मारला. खाली वेळ घातली: दुपारचे दोन वाजून पन्नास मिनिटं.

मावशींची पिशवी पाच मिनिटांत भरून झाली. दहा वर्षांचं सामान एवढंच कसं असू शकतं हा प्रश्न माझ्या एकशे चौदात नाही. फाटकाशी वॉचमनने हात आडवा केला. “कागद?”

इतकी वर्षं तो हा प्रश्न पाहुण्यांनाच विचारत आला होता. मावशींनी पाठ वळवली, खिशाचं बटण काढलं, आणि पासपोर्ट त्याच्यासमोर धरला. वॉचमनने तो पुढून पाहिला, मागून पाहिला, वाकवून पाहणार होता पण नाही वाकवला. फोटोकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं.

“येणारी आणि जाणारी एकच ना?” मी विचारलं.

“नाही,” वॉचमन म्हणाला. “पण जाऊ द्या.” आणि त्याने फाटक दोन्ही बाजूंनी उघडलं, जसं ते फक्त ट्रकसाठी उघडतात.

बसमध्ये मावशी खिडकीपाशी बसल्या. दर स्टॉपला त्यांचा हात कमरेशी जाऊन खिसा चाचपून येत होता. मी मॅडमना फोन लावला.

“दुरुस्त झालं?” मॅडम म्हणाल्या. “चूकच होती ना?”

“नाही मॅडम. ‘हो’ बरोबर होतं. आता ‘नाही’ बरोबर आहे. दोन्ही आणतोय.”

 मी त्यांना सगळं सांगितलं. कपाट, अर्ज, खिसे. काम बंद करू नका, म्हटलं, ज्यांच्यासाठी बंद करायचं त्यांच्याच पोटावर पाय येईल.

“जांभळं जाईल ना पण?” त्यांनी हळूच विचारलं.

“हे जाईल. पण मॅडम, मला वाटतं, उरलेल्या हिरव्यातलं बरंचसं जांभळं आहे. त्यांनी एकोणिसावं पान वाचलेलं नाही एवढंच.”

 मग मॅडम म्हणाल्या, “मी तरी कुठे वाचलंय? पाठव मला.”

फोन ठेवला तर मावशी माझ्याकडे बघत होत्या. “तुमचा पासपोर्ट कुठे ठेवता?”

“आईकडे. बिस्किटांच्या डब्यात.”

“मागितला तर देते?”

“शिव्या घालून.”

“पण देते ना,” मावशी म्हणाल्या. “मग झालं.” आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या, खिशावर हात ठेवून. त्यांच्या स्टॉपला मी त्यांना उठवलं. स्वतःच्या स्टॉपला मला कोणी उठवलं नाही, मी डेपोत गेलो.

नव्या फॉर्ममध्ये एकोणिसावं पान आता पहिलं आहे, अक्षर मोठं आहे आणि ‘लागू नाही’चा चौकोन काढून टाकला आहे. गेल्या सोमवारी वर्तुळात नऊ जांभळ्या फोडी होत्या. मॅडमनी त्या मोजल्या, पेनाचं टोपण चावलं आणि म्हणाल्या, “वर मी सांगते. तू बस पकड.” मी न कळवता परत गेलो तेव्हा पासपोर्ट खिशांतच होते, मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चाचपून दाखवायला लावले. काका अजून तिथेच आहेत. मालकांना त्यांना काढायचं होतं, पण काढायचं पत्र कुठल्या फायलीत लावायचं हे काकांनाच ठाऊक होतं. कपाटात आता एक्केचाळीस जेवणाचे डबे असतात, नावांच्या क्रमाने. मावशी तीन आठवड्यांऐवजी पाच आठवड्यांनी आल्या, आणि मालकांनी फक्त एवढंच विचारलं, मुलगा की मुलगी?

मुलगी. फोटो मला काकांनी पाठवला, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. दुपट्यात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड, डोळे गच्च मिटलेले, एक बोट बाहेर. कोपऱ्यात जांभळा शिक्का होता: ‘मूळ प्रतीबरहुकूम’. मूळ प्रत न पाहता काकांनी मारलेला हा पहिलाच शिक्का.